धरणाची राखण आमच्या घराकडे

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकात मागून तिसरं पान कित्येक वर्षं माझ्या बायकोचं असायचं. पाककृतींचं. यंदा संपादक घरी आले, चहा घेतला, भिंतीवरच्या नलिनीच्या फोटोला योग्य तेवढा वेळ हात जोडले आणि म्हणाले, "टेंबे, वहिनींचं पान रिकामं राहतंय हो. तुम्ही नोकरीतले अनुभव लिहा. काहीतरी प्रेरणादायी."

सरकारी नोकरीत प्रेरणादायी काय असतं, याचा मी आठवडाभर विचार केला. निवृत्तीचा दिवस सोडला तर काही आठवलं नाही. पण पान तिचं आहे. ते गृहकर्जाच्या जाहिरातीला जाऊ नये, एवढ्यासाठी लिहितो आहे.

मी मासळीशी संबंधित एका सरकारी खात्यात होतो. नाव लिहीत नाही. खात्याला प्रसिद्धीची सवय नाही. ग्वाल्हेरच्या ज्या घरात मी वाढलो तिथे कांदासुद्धा बिचकत यायचा. प्राणिशास्त्र घेऊन शिकलो, जाहिरात निघाली, निवड झाली. आईने दोन दिवस अन्न सोडलं. वडील म्हणाले, "सरकारी आहे ना? मग मासा असो की मगर." मी भोपाळला रुजू झालो आणि मासा न चाखता मासळी खात्यात आयुष्य काढलं. याची खात्यात थट्टा व्हायची, पण नमुन्याचे मासे तपासणीला न्यायचे असले की थैली माझ्याच हाती द्यायचे. माझ्याकडे दिलेला मासा कार्यालयापर्यंत पोचायचा. माझ्या गोपनीय अहवालात मला जे गुण मिळाले, ते बहुधा यासाठीच.

समुद्र नसलेल्या राज्यात मासळी खातं कशाला, असं महाराष्ट्रातले नातेवाईक विचारायचे. समुद्र नाही, पण धरणं आहेत. धरणाच्या साचलेल्या पाण्यात रोहू, कतला, मृगळ असे मासे पोसतात. बोटाएवढी पिल्लं, ज्यांना आम्ही बीज म्हणतो, ती पाण्यात सोडायची आणि मोठी झाली की जाळ्यांनी काढायची. मोठे मासे पावसाळ्यात अंडी घालायला वाहतं पाणी शोधतात. जिथे नदी धरणात उतरते, त्या मुखाशी ते थव्यांनी जमतात आणि पुराच्या पाण्यात वर चढू पाहतात. पोट अंड्यांनी भरलेलं, अंग जड, लक्ष भलतीकडे. त्या वेळी त्यांना कुणीही पकडू शकतं, अगदी आमच्या खात्यातला माणूससुद्धा. म्हणून जूनच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत मासेमारी बंद असते. याला बंद ऋतू म्हणतात. त्याचा आदेश दरवर्षी निघतो, भिंतींवर लागतो आणि पावसात भिजतो.

ज्या धरणाची ही गोष्ट आहे ते नर्मदेपलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. नाव सांगितलं तर दिवाळीच्या सुट्टीत चार मंडळी फोटो काढायला जातील, म्हणून सांगत नाही. ते बांधलं तेव्हा खालची आदिवासी गावं पाण्यात गेली आणि माणसांना वर माळावर बसवलं. शेतं गेली, शेतांवर पाणी आलं, पाण्यात मासे आले आणि मासे ठेकेदाराला दिले. म्हणजे आपल्याच बांधावर जाळं टाकलं की हे लोक चोर ठरायचे. बरीच वर्षं मोर्चे, लाठ्या, निवेदनं झाली. शेवटी सरकारने ठरावीक मुदतीच्या पट्ट्यावर मासेमारी त्यांच्याच सोसायटीला दिली. सोसायटी दोन वर्षांत बुडेल अशी खात्याची अपेक्षा होती. आम्ही मनाची तयारी करून ठेवली होती. सोसायटीने आमचा विश्वासघात केला. ती चालली.

सोसायटीच्या अध्यक्ष फगनीबाई उइके. उंच, काटक, बोलताना समोरच्याच्या कपाळाकडे पाहणाऱ्या. त्यांचं बोलणं मी बरंचसं मराठीत आणतो आहे. निम्मा तिखटपणा वाटेत सांडणार, त्याला इलाज नाही.

सोसायटीने बंद ऋतू नुसता पाळला नाही, त्याची राखण करायची आपली रीत काढली. बंदीत कुणी जाळं पाण्यात टाकलेलं सापडलं, तर त्याला दंड नाही, मार नाही. तो पुढचा राखणदार. नदीच्या मुखाशी एक झोपडी आहे, तिथे बसायचं. गाव पाळीने जेवण देतं. सुटका एकाच मार्गाने: दुसरा चोर पकडायचा, पत्र्याचा डबा वाजवून गाव गोळा करायचं, मग तो बसेल आणि तुम्ही घरी. पाऊस संपेपर्यंत कुणी सापडलं नाही, तर पुढच्या पावसात पुन्हा तुम्हीच.

"राखण माणसाची नसते, घराची असते," फगनीबाईंनी मला पहिल्या भेटीत समजावलं होतं. "नवरा तापाने पडला तर बायको येऊन बसते. बाप गेला तर लेकाकडे जाते."

"आणि चोर कोण, हे कसं ठरवता? ज्याच्या हातात जाळं तो?"

"हात कुणाचाही असतो, साहब. भावाला पाठवतात, जावयाला पाठवतात. आम्ही एवढंच विचारतो, भूख किसकी है? ज्याच्या चुलीवर मासा चढणार होता, तो चोर."

ही रीत खात्याला अजिबात पसंत नव्हती. अपराधी प्रवृत्तीच्या व्यक्तींची सुरक्षारक्षक म्हणून नेमणूक होत असल्याबद्दल सोसायटीला दोनदा लेखी समज गेली. प्रशिक्षित रक्षक नेमावा, अशी शिफारस झाली. धरणासाठी खात्याचा एक प्रशिक्षित रक्षक मंजूर होताच. तो भोपाळला एका अधिकाऱ्याच्या बंगल्यावर गुलाबांची राखण करायचा आणि त्याच्या कारकिर्दीत एकही गुलाब चोरीला गेला नाही.

आता नलिनीबद्दल. ती मालवणकडची. अगदी किनाऱ्यावरच्या गावातली. तिच्या वडिलांनी मासळी खात्यातला मुलगा म्हणून मोठ्या आशेने मला पसंत केलं होतं. मी शाकाहारी आहे हे त्यांना साखरपुड्याच्या जेवणात कळलं. त्यांच्या चेहऱ्यावरचं दुःख मला अजून दिसतं. आई असेपर्यंत आमच्या घरात मासा शिजणं शक्य नव्हतं आणि आई गेल्यावर नलिनीनेच तो विषय काढला नाही. मात्र भोपाळच्या अशोका गार्डन वस्तीत तिची एक कारवारी मैत्रीण होती. तिच्याकडे ही महिन्यातून एकदा भजनाला जायची. भजनाहून आली की पदराला तळणीचा वास असायचा. मी वर्तमानपत्र वर धरायचो. आमचा संसार चांगला झाला तो अशा वर्तमानपत्रांमुळे.

राखणीची रीत मी तिला घरी सांगितली, ती तिने लक्ष देऊन ऐकली. धरणातल्या माशांबद्दल मात्र तिचं मत स्पष्ट होतं. "तो काय मासा म्हणायचा? चिखलात लोळून आलेला. त्याच्यापेक्षा तुमचं पडवळ बरं."

सोसायटीच्या पट्ट्याची मुदत संपत आली, त्या वर्षी खात्यात नवे मोठे साहेब आले. पट्टा पुन्हा सोसायटीला द्यायचा की ठेकेदाराला, हे त्यांच्या अहवालावर ठरणार होतं. त्यांनी जातीने पाहणी करायचं ठरवलं आणि त्यासाठी नेमका जुलै निवडला, कारण पावसात तिकडचा निसर्ग फार छान असतो असं त्यांनी ऐकलं होतं. मॅडमही निघाल्या. मॅडमना सोबत हवी, म्हणून माझ्यावर कृपा करून म्हणाले, "टेंबे, भाभीजी को भी ले चलो." अशा रीतीने माझी बायको माझ्या नोकरीच्या जागी पहिल्यांदा आली.

विश्रामगृह टेकडीवर आहे. खाली पाणी, मागे सागाचं रान. सकाळी सोसायटीशी बैठक झाली. फगनीबाईंनी सोसायटीचा हिशेब तोंडी सांगितला, साहेबांनी मान डोलावली आणि डोलावता डोलावता घड्याळ पाहिलं. बैठक संपल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाले, "टेंबे, मछली-वछली का क्या है?"

"सर, सध्या बंद ऋतू आहे."

"किसका?"

"आपलाच, सर. आदेशावर आपलीच सही आहे." तो आदेश विश्रामगृहाच्या भिंतीवर चौकटीत लावलेला होता. मी तो दाखवला. इतका उद्धटपणा मी नोकरीत एकदाच केला.

साहेब हसले. "अरे भाई, आदेश पब्लिक के लिए होता है."

हे चौहान ड्रायव्हरने ऐकलं. वरिष्ठांच्या मनातलं ओळखणं हे गाडी चालवण्यापेक्षा महत्त्वाचं कौशल्य आहे आणि चौहान दोन्हींत तरबेज होता. तो कुठूनसं जाळं घेऊन मुखाकडे गेला. मी त्याला जाताना पाहिलं. मॅडम व्हरांड्यात नलिनीला भोपाळमधल्या साड्यांच्या दुकानांबद्दल सांगत होत्या. नलिनी हं हं करत पाण्याकडे बघत होती.

थोड्या वेळाने खालून डबा वाजायला लागला. सणासुदीला वाजवावा तसा, ताल धरून.

वर आली ती वरातच. पुढे बिसन, त्या वर्षीचा राखणदार. सासऱ्याच्या श्राद्धासाठी दोन पावसाळ्यांपूर्वी त्याने एक कतला काढला होता आणि तेव्हापासून झोपडीत सडत होता. आज त्याच्या चेहऱ्यावर नवरदेवाचं तेज होतं. मागे कंबरेपर्यंत भिजलेला चौहान. त्याच्या मागे बादली घेऊन एक जण आणि मग अर्धं गाव. बादलीत रोहूची मादी होती. पोट फुगलेलं, शेपूट अजून हलत होती.

बिसनने डबा खाली ठेवला आणि रीतीप्रमाणे विचारलं, "भूख किसकी है?"

चौहानने साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी चौकटीतल्या आदेशाकडे पाहिलं.

"इनकी नहीं हो सकती," बिसन माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला. "ये तो घास खाते हैं."

लोक हसले. साहेब हसले नाहीत. "ये क्या तमाशा है? टेंबे, इनका पट्टा कब तक का है?"

प्रश्न मला होता, पण ऐकायचा होता तो फगनीबाईंनी. आणि त्यांनी ऐकला. साहेबांचं नाव घेतलं, तर पट्टा ठेकेदाराकडे जाणार आणि पुढच्या पावसापासून सगळं गाव पुन्हा चोर. नाव न घेतलं, तर रीत संपली. मग बिसनने का बसावं? त्याच्यानंतर कुणीही का बसावं? व्हरांड्याच्या पायऱ्यांवर उभं असलेलं गाव फगनीबाईंकडे बघत होतं. त्यांनी पदर डोक्यावर नीट ओढून घेतला आणि बोलण्यासाठी तोंड उघडलं. त्या काय बोलणार होत्या, हे मी नंतर अनेकदा विचारलं. त्या म्हणायच्या, "जाने दो साहब, निकला नहीं ना मुँह से."

कारण त्यांच्या आधी नलिनी बोलली.

"भूख मेरी है."

भोपाळमध्ये इतकी वर्षं काढूनही तिची हिंदी मालवणच्या धक्क्यावरच उभी होती. खुर्चीतून उठून ती म्हणाली, "मैं समुंदर के गाव की हूँ. शादी करके इधर आयी, घर में सब घासफूस. इतने साल हो गये. आज पानी देखा तो रहा नहीं गया. मैंने ही बोला चौहान भैया को." मग माझ्याकडे हात करून, "पूछो इनको, कभी खिलाया क्या?"

गावाने माझ्याकडे पाहिलं. मासा न खाणं हाही अत्याचार असू शकतो, हे मला त्या दिवशी साठसत्तर माणसांच्या नजरेतून कळलं.

बिसनचा तिच्यावर विश्वास बसला नाही. फगनीबाईंचा बसला नाही. चौहानचा तर बसणं शक्यच नव्हतं. साहेबांचा ताबडतोब बसला.

"अरे भाभीजी, पहले बोलना था ना!" ते प्रसन्न झाले. "चलो भाई, लेडीज़ हैं, छोड़ दो."

"छोड़ना कैसे?" नलिनी म्हणाली. "नियम है ना? मग बसणार मी."

मॅडमना हे सगळं फारच गोड वाटलं. त्यांना वाटलं, पाहुण्यांसाठी बसवलेला कार्यक्रम आहे. फगनीबाई मात्र पायऱ्या चढून वर आल्या आणि नलिनीसमोर उभ्या राहिल्या. बराच वेळ तिच्या कपाळाकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "बाई, झोपडी गळते."

"आमची पण गळायची," नलिनी म्हणाली.

ती आत जाऊन पिशवी घेऊन आली. मला म्हणाली, "अहो, मुगाची डाळ निळ्या डब्यात आहे. कुकरची रिंग बदलून घ्या. आणि दूधवाल्याला सांगा."

"अगं, पण—"

"पण काय? ऑगस्टात येते."

बिसनने बादली उचलली आणि मासा पाण्यात सोडायला तो अक्षरशः धावत गेला. मासा जगला की नाही, याची नोंद कुठेही नाही. साहेबांनी दुपारी डाळभात खाल्ला. परतीच्या वाटेवर गाडीत म्हणाले, "टेंबे, तुम्हारी वाइफ तो बड़ी शौक़ीन निकलीं." चौहान आरशातून माझ्याकडे बघत होता. मी खिडकीबाहेर बघत होतो. बुधनीच्या घाटात निसर्ग खरोखर छान होता.

पट्टा सोसायटीला मिळाला. साहेबांच्या अहवालात सोसायटीच्या कठोर शिस्तीचं कौतुक होतं. एका अधिकाऱ्याच्या पत्नीलाही सवलत न दिल्याचा खास उल्लेख होता. पुढे ते लोकसहभागावरच्या परिषदांमध्ये या रीतीवर भाषण द्यायचे. पडद्यावर चित्रं दाखवत. एका चित्रात झोपडी होती आणि झोपडीच्या दारात पाठमोरी नलिनी. खाली लिहिलं होतं, 'स्थानिक महिला'.

ती ऑगस्टात परतली. सावळी झाली होती आणि खोकत होती. मी विचारलं, "खरंच एवढा खावासा वाटला होता?"

"त्या चिखलातल्या माशासाठी मी खोटं बोलेन?" ती चिडली. मग तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "आमच्याकडे पावसात होड्या वर ओढतात. नारळी पौर्णिमेला नारळ दिल्याशिवाय कोणी पाण्यात उतरायचं नाही. एकदा कोणी मोठा अधिकारी गावात आला. त्याच्या जेवणासाठी माझ्या काकाने होडी घातली. एकच दिवस. दुसऱ्या वर्षी भर पावसात पाच होड्या उतरल्या. काका कोणाला अडवणार? तोंड कुठे होतं त्याला? तुम्ही लहानपणी काय बघितलंत मला माहीत नाही. मी हे बघितलं."

मी लहानपणी वाचनालय बघितलं होतं.

रीतीप्रमाणे नलिनीने चोर पकडला नव्हता, म्हणून पुढच्या जूनमध्ये राखण तिच्याकडेच होती. मला वाटलं, फगनीबाई समजूतदारपणे माफ करतील. फगनीबाईंनी समजूतदारपणे तिच्यासाठी झोपडी शाकारून ठेवली होती. नलिनीने पिशवी भरली, हबीबगंजहून गाडी धरली (स्टेशनचं नवं नाव, राणी कमलापती, म्हणायला ती शेवटपर्यंत शिकली नाही), इटारसीला उतरून बस पकडली. त्यानंतर हे दरवर्षी झालं. पुण्यातल्या जावयाला आम्ही सांगायचो, आई आश्रमात जाते. त्याने त्याच्या घरी सांगितलं. विहीणबाईंचा नलिनीबद्दलचा आदर फार वाढला.

नारळी पौर्णिमेला ती धरणाला नारळ द्यायची. पहिल्या वर्षी तिने हात जोडून नारळ पाण्यात सोडला, डोळे मिटले, आणि उघडले तेव्हा बिसन पोहत जाऊन तो घेऊन आला होता. "बाई, आपका नारियल बह गया था." पुढे गावानेच ती तारीख उचलली. सरकारी बंदी संपली तरी बाईचा नारळ पडेपर्यंत जाळं पाण्यात जात नाही. अजूनही बिसन नारळ बाहेर काढतोच, पण आता तो प्रसाद असतो.

तिच्या सगळ्या वर्षांत एकही चोर सापडला नाही. खात्याने याचं श्रेय जनजागृती अभियानाला दिलं. त्या अभियानात आम्ही एक भिंत रंगवली होती. मला खरंच वाटायचं की चोऱ्या थांबल्या असतील. मी निवृत्त झालो, कोलार रोडच्या फ्लॅटमध्ये पुस्तकांची कपाटं बसवली. जूनमध्ये ती विचारायची, "येता का चार दिवस?" मी म्हणायचो, "पुढच्या वर्षी बघू." माझं वाचन तेव्हा रंगात आलेलं असायचं. कोणतं पुस्तक होतं, ते आता आठवत नाही.

गेल्या हिवाळ्यात ती गेली. छातीचं दुखणं होतं, फार लांबलं नाही. त्याबद्दल मला लिहिता येत नाही आणि संपादकांना ते प्रेरणादायीही वाटणार नाही.

तेराव्यानंतर फगनीबाई आणि बिसन आले. खाली आमच्या इमारतीच्या गेटवर रक्षकाने त्यांना अडवलं आणि वर फोन केला, "सर, दो लोग हैं, डब्बा लेके आये हैं. भेजूँ?" ते आले, फोटोसमोर फरशीवर बसले. फगनीबाई थोडा वेळ रडल्या, आवाज न करता. बिसनने पिशवीतून पत्र्याचा तो डबा काढला आणि फोटोखालच्या टेबलावर ठेवला.

मला भरून आलं. मी म्हणालो, "ही आठवण मी आयुष्यभर जपेन."

"आठवण नाही, साहब," फगनीबाई डोळे पुसत म्हणाल्या. "ड्यूटी आहे. राखण घराची असते. सांगितलं होतं ना तुम्हाला?"

मी रक्तदाबाचं सांगितलं. गुडघ्यांचं सांगितलं. मुलगी काळजी करेल म्हणालो. शेवटी म्हणालो, "आणि मी शाकाहारी माणूस."

"ये तो और अच्छा है," बिसन म्हणाला. "घास खाने वाला रखवाला! हमको पहले क्यों नहीं सूझा?"

त्या क्षणी, तिच्या फोटोसमोर, मी हसलो. घरात इतक्या दिवसांनी आलेला तो आवाज कुणाचा, हे मला जरा उशिरा कळलं.

दारापर्यंत गेल्यावर मी फगनीबाईंना विचारलं, "खरं सांगा, तिच्या वेळेला कुणी आलंच नाही चोरी करायला?"

"येत होते की. दरवर्षी येत होते. पण जाळं पाण्यात पडायच्या आधीच बाई लांबून ओरडायची. तिच्या गावच्या बोलीत काय ओरडायची ते कुणाला कळायचं नाही, पण माणूस दचकून परत जायचा. जाळं पाण्यात नाही तर चोर कसला?" चपला घालत त्या म्हणाल्या, "पकडला असता तर सुटली असती ना ती."

यंदाच्या जूनमध्ये मी गेलो. मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, काहीतरीच तुमचं!" मी म्हणालो, आश्रमात चाललोय.

झोपडीत खुंटीला नलिनीचा रेनकोट होता. फळीवर घट्ट झाकणाची एक बरणी होती. उघडली तर सुका जवळा, तिच्या समुद्राचा. बंदी पाळून मासे खायची तिने ही सोय करून ठेवली होती. फगनीबाईंनाही त्याची चटणी शिकवली होती. झोपडीभर अशोका गार्डनच्या भजनांचा वास होता. मी झाकण लावलं. मग पुन्हा उघडलं आणि तसंच ठेवलं.

सोबत चार पुस्तकं नेली होती. ती ओलीने फुगली. दिवसभर मी पाण्याकडे बघायचो. मासे वर चढताना पाण्याला उलटी सुरकुती पडते, हे मी खात्याच्या पुस्तिकेत स्वतः लिहिलं होतं. पाहिलं यंदा. जेवण गावातून यायचं, माझ्यासाठी वेगळं शिजवलेलं, आणि वाढताना प्रत्येक घर माझी कीव करायचं. फगनीबाई संध्याकाळी येऊन विचारायच्या, "मिला कोई?" मी नाही म्हणायचो. कमरेने असहकार पुकारला होता. घरचा पलंग, कोरडी पुस्तकं, गरम पाण्याचा नळ, सगळं एका चोराच्या अंतरावर होतं.

नारळी पौर्णिमा जवळ आली होती. एका दुपारी पाऊस थांबला आणि सागाच्या रानातून एक माणूस उतरला. खांद्यावर जाळं. वयाने पन्नाशीचा, ओळखीचा नव्हता. माळाच्या पलीकडच्या पाड्यावरचा असावा. झोपडीकडे त्याचं लक्ष नव्हतं. मी डबा उचलला. आता फक्त गप्प बसायचं होतं आणि गप्प बसण्याचा मला आयुष्यभराचा सराव आहे. तो मुखाशी पोचेल, जाळं पाण्यात पडेल, मी डबा वाजवीन, आणि आमच्या घराकडची राखण संपेल.

तो गुडघाभर पाण्यात उतरला. जाळ्याचा घोळ त्याने हातावर घेतला.

मी डबा खाली ठेवला. दारात आलो. माझा आवाज कार्यालयातल्या पहिल्या टेबलापलीकडे कधी गेला नव्हता. पण त्या दिवशी तो पाण्यावरून पार पलीकडच्या काठावर आपटून परत आला.

"खंय चललंस रे, मेल्या?"

माणूस जागीच थांबला. त्याने वळूनही पाहिलं नाही. जाळं गोळा करून खांद्यावर टाकलं, पाण्यातून बाहेर आला आणि चढ चढता चढता, वर्षानुवर्षांच्या सवयीने म्हणाला,

"जा रहा हूँ, बाई."